शेरा: पडून आहे

४ फेब्रुवारी

सर्व्हरने आज नवीन नोंद घेतली नाही. पडद्यावर एकच ओळ आली: लायसन्स शिल्लक नाही. मी पुन्हा प्रयत्न केला, मग पुन्हा. यंत्राला गळ घालून उपयोग नसतो हे मला माहीत आहे. तरी.

समोर ड्रायव्हर बसला होता. आयुष्यभर बस चालवली, मग साखरेने डोळे नेले. मुलीचा हात धरून आला होता. मांडीवर नवाकोरा बोलका. पुस्तकं ऐकायच्या यंत्राला आमच्याकडे सगळे बोलकाच म्हणतात. विटेएवढा डबा, मोठी बटणं. प्रत्येक बोलक्याची सर्व्हरवर नोंद लागते आणि प्रत्येक नोंदीला एक लायसन्स. नोंद नसली तर बोलका मुका.

"झालं का?" ड्रायव्हरने विचारलं.

"थोडं थांबावं लागेल."

"किती?"

"सांगतो."

"आम्हीही हेच सांगायचो," तो म्हणाला. "गाडी बंद पडली की."

मुलीने त्याच्या मांडीवरचा बोलका पिशवीत ठेवला. त्याचा हात काही वेळ मांडीवर तसाच राहिला, डब्याच्या आकाराचा.

आमच्या वाचनालयाच्या सचिवबाईंकडे गेलो. नवीन लायसन्स मिळणार नाहीत, कंपनीने हे मॉडेल बंद केलं आहे. त्या म्हणाल्या, "जुन्या नोंदी झाडून काढा. निम्मे तर पडूनच असतील कुठे कुठे."

"पडून आहेत की नाही, कळणार कसं?"

"शेवटचा संपर्क कधीचा ते दिसतं ना तुम्हाला? वर्षभर ज्याने तोंड दाखवलं नाही, तो गेला."

"गेला म्हणजे?"

"अहो, गेला म्हणजे गेला. तुम्ही प्रत्येक गोष्टीचा कीस काढता."

मी कीस काढतो हे खरं आहे. नोंद काढण्याआधी प्रत्येकाला फोन करायचा असं मी ठरवलं.

पूर्वी पुस्तकांच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत कामाला होतो तेव्हा दिवस संपला की टेपच्या डबीवर चार ओळी लिहायची सवय होती. कोणी वाचलं, कुठे अडलं, काय कापलं. आता टेप नाही. ही वही आहे.

६ फेब्रुवारी

फोन सुरू केले. वाक्य तयार केलं आहे: "तुमच्याकडचा बोलका वापरात आहे, की पडून आहे?"

एक सूनबाई म्हणाल्या, "तो होय! सासऱ्यांच्या उशाशी दिवसरात्र बडबडायचा. सासरे गेले, तो माळ्यावर गेला." एकाच्या घरी बोलक्याने दार अडवून ठेवतात, वारा फार आहे म्हणे. एका आजोबांनी मलाच विचारलं, "कोणतं पुस्तक देताय?" त्यांचा बोलका तर वर्षापूर्वीच आमच्याकडे परत आला आहे. त्यांना तसं सांगवेना. बरं, बघतो म्हणालो.

मी समोर शेऱ्याच्या रकान्यात लिहितो: पडून आहे. पडून आहे. पडून आहे. संध्याकाळपर्यंत शब्दातला अर्थ निघून जातो, नुसता आकार उरतो.

घरी आलो तर ही ओट्याशी उभी राहून साबणाच्या पुड्यावरचा मजकूर मोठ्याने वाचत होती. "कोरड्या व थंड जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे." सावकाश, पूर्णविरामाला थांबत.

"कोणाला सांगतेस?" मी विचारलं.

"कोणाला नाही."

वय झालं की माणसं पुटपुटायला लागतात. तिची आई पण पुटपुटायची.

८ फेब्रुवारी

ड्रायव्हरचा फोन. "साहेब, सिग्नल सुटला का?"

म्हटलं, अजून नाही.

"बरं. इंजिन बंद करून बसतो मग."

११ फेब्रुवारी

आज फोनच फोन. घसा बसला. दुपारनंतर माझं वाक्य झिजत झिजत एवढंच उरलं: "पडून आहे का?" लोकांना तेवढ्यात कळतं.

शेवटचा फोन एका मुद्रितशोधकाच्या घरी. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. डोळे गेल्यावर आमचे सभासद झाले. हे गृहस्थ मला आठवतात, म्हणजे त्यांचा आवाज आठवतो. पुस्तक ऐकता ऐकता बोलक्यावर टिपण बोलून ठेवायची सोय आहे. लोक तिथे आवडलं, छान होतं, एवढं बोलतात. हे चुका बोलायचे. पान, ओळ, काय वाचलं, काय हवं. छापखाना सुटला पण काम सुटलं नाही. बोलका सर्व्हरला जोडला की टिपणं माझ्याकडे यायची, मी ती रेकॉर्डिंगच्या खोलीत वाचणाऱ्याला ऐकवायचो आणि तेवढा भाग परत घ्यायचो.

फोन बहिणीने उचलला. दोघं भाऊ-बहीणच राहतात.

मी म्हटलं, "बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयातून बोलतोय. वर्ष झालं, तुमच्याकडून काही संपर्क नाही, म्हणून फोन केला."

"हो हो. राहूनच गेलं बघा कळवायचं."

"पडून आहे का?"

"हो ना. पडूनच असतो आता."

"बोलतो का काही?"

"एक शब्द नाही. आधी किती बोलायचा."

"दाखवला का कोणाला?"

"दोघातिघांना दाखवलं. आता यात काही व्हायचं नाही म्हणाले."

"ठेवलाय कुठे?"

"खिडकीशी. जरा ऊन लागतं त्याला. बरं वाटतं."

लोक यंत्राबद्दल माणसासारखं बोलतात. मीही जुन्या टेपरेकॉर्डरशी बोलायचो. उन्हात बॅटरी फुगते, हे सांगायला हवं होतं. राहिलं.

"मग आमच्याकडून काढून टाकायला हरकत नाही ना?"

त्या म्हणाल्या, "काढून टाकणार?"

"नोंद फक्त. इतर लोक वाट बघताहेत."

"बरोबर आहे. वाट बघणाऱ्यांना मिळायला हवं." मग म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत तरी. हल्ली कोणी विचारत नाही."

इतक्या फोनांत पहिल्यांदा कोणी बरं बोललं. शेऱ्यात लिहिलं: पडून आहे, बिघडलेला.

१४ फेब्रुवारी

नोंदी काढल्या. एकेका नावावर खूण करायची, मग सर्व्हर विचारतो: या यंत्राची नोंद, पुस्तकं व टिपणं कायमची काढली जातील. पुढे जायचं? हो. पुढे जायचं? हो. यंत्र कुठे असेल तिथे असो. पुन्हा जेव्हा नेटला जोडलं जाईल तेव्हा पोटातलं सगळं पुसून टाकेल आणि एवढंच म्हणेल, "या यंत्राची नोंद सापडली नाही." पण पडून असलेली यंत्रं कोण जोडणार?

रेकॉर्डिंगच्या खोलीत माझं कामच कापण्याचं होतं. खोकला काप, श्वास काप, अडखळलेलं काप. चूक अशी निघायला हवी की ती होती हे कानाला कळू नये. हात अजून हलका आहे.

ड्रायव्हर लगेच आला. नोंद झाली. बोलका बोलला: "स्वागत आहे." ड्रायव्हर एकदम सावरून बसला, वरिष्ठ आत आल्यासारखा.

"पहिलं काय ऐकणार?" मी विचारलं.

"रस्त्याचं काही असेल तर द्या. घाटाचं असेल तर फार बरं."

एक प्रवासाचं पुस्तक घातलं. हिने वाचलेलं आहे. पहिलं वाक्य ऐकून तो म्हणाला, "बाई चांगल्या आहेत. घाई नाही त्यांना."

घरी हिला सांगितलं. तिने हातातल्या कपड्याची घडी मोडली आणि परत घातली.

"काय म्हणाला? घाई नाही?"

"हो."

"अजून काय म्हणाला?"

"अजून काही नाही. निघून गेला."

संगणकाचा आवाज आला तेव्हा वाचनालयाने वाचणाऱ्यांना मोकळं केलं. हिने पुष्कळ वर्षं वाचलं होतं. निरोपाला तिला एक बोलका दिला. तेव्हापासून तिला दुपारचा आराम मिळतो. मला वाटतं तब्येतीला बरंच झालं.

१९ फेब्रुवारी

रांगेतले सगळे संपले. सुटलेली लायसन्सही संपली. सचिवबाई म्हणाल्या, "बघा, नुसतं झाडून काढायचं होतं."

पाठ दुखते आहे.

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहितो.

दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, कापडी पिशवी छातीशी धरलेली. जिने चढून दम लागला होता. पिशवीतून बोलका काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी, मूल खाली ठेवावं तसा. गुळगुळीत झालेली बटणं. एका बाजूला कापडाचं ठिगळ शिवून बसवलेलं, हाताला सापडावं म्हणून.

"हा काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे बोलतो. एकच वाक्य."

बटण दाबलं. "या यंत्राची नोंद सापडली नाही."

मी नाव विचारलं. मुद्रितशोधकाची बहीण.

म्हटलं, "ताई, पण तुम्हीच म्हणालात की हा पडून आहे. बोलत नाही, दाखवला, काही होणार नाही."

त्या सावकाश म्हणाल्या, "मी दादाचं सांगत होते."

मला लगेच कळलं नाही. त्यांना माझ्या आधी कळलं. त्या हसल्या. खरंच हसल्या, तोंडावर पदर धरून. "अगं बाई. मी म्हणते, वाचनालयातले किती प्रेमाने चौकशी करताहेत. ठेवलाय कुठे म्हणून विचारलंत तेव्हा जरा विचित्र वाटलं मला." मग हसू थांबलं. पदर तसाच राहिला.

दादांना झटका आला त्याला वर्ष झालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खिडकीशी खाट आहे. घरात नेट नाही. पूर्वी त्या बोलका घेऊन इथे यायच्या, आता दादांना सोडून निघता येत नाही; आज शेजाऱ्यांना बसवून आल्या होत्या. म्हणून संपर्क नाही. बोलका मात्र रोज चालू होता. नवीन पुस्तकं त्यांना नकोच होती.

"आजारी पडायच्या आधी तुमचा तो संगणकाचा आवाज आणला होता घरी. एक पान ऐकलं आणि बंद केला. म्हणाला, याच्या चुका सांगून काय उपयोग, याला लाजच वाटत नाही."

परवा शेजारच्या वकिलांनी आपल्या मोबाइलचं नेट जोडून दिलं, दादांना काही नवीन मिळावं म्हणून. चांगल्या मनाने. यंत्राने सगळं पुसलं आणि ते वाक्य म्हटलं. दादा ऐकत होते.

"तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून आहे. चमचा पुढे केला तर दात आवळतो. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळी घालावी लागेल. पुस्तक दुसरं द्याल तुम्ही. टिपणं देता येतील का?"

"टिपणं?"

"त्याची. त्यात त्याचा आवाज होता ना, आधीचा. मी रोज लावायचे. 'बाई, कान इकडे करा. पान अमुक, ओळ तमुक.' ते ऐकून हसायचा. अर्ध्या तोंडाने. मग पेज घ्यायचा."

मी बघतो म्हणालो. त्यांनी विचारलं, थांबू का? नको म्हणालो, वेळ लागेल. जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्या खाली उतरताना रिकाम्या पिशवीची घडी घालत होत्या.

मी प्रत्येकाला फोन केला होता. सचिवबाईंनी सांगितलं नव्हतं, तरी केला होता.

२५ फेब्रुवारी

टिपणं नाहीत. नोंदीबरोबर गेली. सर्व्हर दर आठवड्याला जुनी प्रत पुसून नवी ठेवतो, म्हणजे तिथेही नाहीत.

मग रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो. आता तिथे मोडक्या खुर्च्या आहेत. दुरुस्तीच्या वेळचं कच्चं रेकॉर्डिंग मी कधी टाकलं नव्हतं, ते कपाटात होतं. त्यात कुठे दादांचा आवाज मागे आला असेल असं वाटलं. दिवसभर ऐकलं. नाही. टिपण मी हिच्या कानातल्या फोनवर लावायचो, ते माइकला कसं येणार? फक्त ही ऐकू येते. "हं. हं. अरे देवा, हो की." मग हसू. मग, "परत घेते."

एका बाजूचंच बोलणं. दुसऱ्या बाजूला नुसती शांतता, आणि ती शांतता मीच नीट राखलेली.

२६ फेब्रुवारी

सचिवबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"वाईट झालं. पण लायसन्स आहे कुठे?"

"एक तरी."

"सगळी दिली. तुम्हीच दिलीत. आता कोणाची काढू सांगा. ड्रायव्हरची?"

मी हातातली यादी उलटी केली.

"मग? मी काय खिशातून देऊ?"

परत येऊन सगळ्या नोंदी पहिल्यापासून बघितल्या. शेवटी, वाचनालयाच्या स्वतःच्या यंत्रांत, हिचा बोलका होता. तो मी काढला नव्हता. घरचाच म्हणून लक्षही दिलं नव्हतं. पडून असेल असं धरून चाललो होतो. शेवटचा संपर्क: काल दुपार. त्याच्या आधी परवा दुपार. त्याच्या आधी तेरवा.

संध्याकाळी विचारलं, "तू बोलका लावतेस?"

"कधी कधी."

"काय ऐकतेस?"

"काही नाही. बघते चालू आहे का."

चालू राहायला हवा हे बरोबर आहे, नाहीतर बॅटरी मरते. मी म्हटलं, "तुझी नोंद काढली तर चालेल का? एकाला द्यायची आहे."

ती ताट पुसत होती. पुसलेलंच ताट पुसत राहिली.

"कोणाला?"

तेव्हा सगळं सांगितलं. दोन दिवस घरी सांगितलं नव्हतं. तिला उगाच कशाला त्रास, म्हणून. बहीण, खिडकी, ऊन, सगळं. मुद्रितशोधक म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"पान एकशे बारा," ती म्हणाली.

"काय?"

"घड्याळजीची कादंबरी. 'घड्याळं दुरुस्त करता करता जरा आली, तेव्हा तो दार लावायचंही विसरला.' मी आपलं वाचलं, जरा आली. जरा बसली, जरा उठली, तसं. त्यांचं टिपण आलं." ती ताठ उभी राहिली आणि आवाज खाली नेला. "'बाई, कोण आली? इथे कोणी बाईमाणूस आलेलं नाही. इथे म्हातारपण आलंय. हा ज, जर मधला नव्हे, जीव मधला. जीभ दातांना नको, टाळूला लावा. म्हातारपण दातांनी म्हणायचं नसतं, तेव्हा दात नसतात.'"

हुबेहूब. मी दोन दिवस शोधत होतो तो आवाज ओट्याशी उभा होता. पण तो काही यंत्रात घालता येत नाही.

"बोलतच नाहीत का आता?" तिने विचारलं.

"पडून आहेत," मी म्हणालो. तो शब्द तोंडातून गेला आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

ती आत गेली, बोलका आणून टेबलावर ठेवला. वायर नीट गुंडाळलेली होती. डब्यावर कणभर धूळ नव्हती.

"काढा," ती म्हणाली.

२७ फेब्रुवारी

हिची नोंद काढली. पुढे जायचं? मी थोडा वेळ थांबलो. हो.

मुद्रितशोधकांचा बोलका नोंदवला. घड्याळजीची कादंबरी घातली. दुरुस्त केलेली, स्वच्छ.

हिचा बोलका घरच्या कपाटात ठेवला आहे. आता तो खरोखर पडून आहे.

१ मार्च

आज दोघं गेलो. मी एकटाच जाणार होतो. ही चपला घालून दारात उभी होती. पर्स फुगलेली.

तिसरा मजला. बहिणीने दार उघडलं. खोली लहान, औषधांचा वास, पण सगळं जागच्या जागी. खिडकीशी खाट. पायांवर ऊन. दादा भिंतीकडे तोंड करून. मानेची हाडं वर आलेली.

"दादा, वाचनालयातले आलेत."

काही नाही.

मी बोलका उशाशी ठेवला, ठिगळाची बाजू त्यांच्या डाव्या हाताकडे. बटण दाबलं. हिचा आवाज सुरू झाला, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. चांगलं रेकॉर्डिंग आहे. कुठे श्वास नाही, खोकला नाही, एकही चूक नाही. दादा ऐकत होते की नाही कळेना. भिंत ऐकत होती. बहीण पेजेची वाटी धरून उभी.

बरीच मिनिटं तसंच चाललं. मग ही म्हणाली, "बंद करा तो."

"अगं, लागेल त्यांना गोडी, थांब."

"बंद करा हो."

बंद केला. तिने स्टूल ओढलं, खाटेला टेकवून बसली. पर्समधून तीच कादंबरी काढली, छापलेली. वाचनालयाच्या कपाटातली असणार. कधी आणली कोण जाणे. चष्मा लावला, खूण केलेलं पान उघडलं आणि वाचायला लागली. आवाज आता जाडसर झाला आहे. मधेच श्वास घ्यावा लागतो. रेकॉर्डिंगसाठी असलं मी चालू दिलं नसतं.

दोन परिच्छेद झाले. मग ते वाक्य आलं.

"घड्याळं दुरुस्त करता करता जरा आली."

जर मधला ज. तीच चूक. परवाच मला समजावून सांगितलेली. मला अवघडल्यासारखं झालं. लोकांच्या घरी, आजारी माणसासमोर. मी हळूच म्हणालो, "अगं, जरा—"

तिने मागे न बघता हात वर केला, माइक चालू असताना मला थांबवायची तसा. आणि वाक्य परत वाचलं. परत तीच चूक, उलट जास्त मोठ्याने. दातांवर जीभ घासून.

"जरा आली. बरोबर आहे की. आली असेल कोणीतरी."

खाटेतून आवाज आला. शब्द नव्हता. घशातून काहीतरी ओढल्यासारखा. डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि भिंतीवर आपटला. एकदा. परत एकदा.

"काय झालं?" ही म्हणाली. "चुकलं का काही?"

दादांनी मान वळवली. चेहरा संतापलेला. अर्धा चेहरा, कारण तेवढाच संतापू शकतो. तोंड उघडलं. जीभ वर जायला धडपडत होती.

"कुठे लावू जीभ? दातांना?"

हात पुन्हा आपटला.

"मग?"

"ज्य," दादा म्हणाले. की "य". मला नक्की सांगता येणार नाही, आणि मी आयुष्यभर आवाज ऐकले आहेत.

बहिणीच्या हातातली वाटी कलंडली. पेज साडीवर सांडली, तिचं लक्ष नव्हतं.

"टाळूला होय," ही म्हणाली. "बरं. परत घेते." आणि आता बरोबर वाचलं. दादा ऐकत होते, मान तिच्याकडे. ती पुढे गेली. पुढच्या ओळीत 'चारा' चुकली. गुरांचा चारा, तो चार मधल्या च ने वाचला. हात आपटला. बहिणीने वाटीत उरलेल्या पेजेचा चमचा पुढे केला. दादांचं लक्ष नव्हतं, ते चूक ऐकत होते. दात आवळायचे विसरले.

परत येताना मी हिला धीर दिला. सवय सुटली की होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस.

"हं," ती म्हणाली.

३ मार्च

शेऱ्याच्या रकान्यात अजून जुनं लिहिलेलं होतं. ते खोडलं. नवीन काय लिहावं सुचेना. रिकामं ठेवलं.

सचिवबाईंनी विचारलं, लायसन्स कुठून आलं? घरातून, म्हणालो.

६ मार्च

ही रोज दुपारी तिकडे जाते. आदल्या संध्याकाळी बसून पानं बघते, पेन्सिलीने बारीक खुणा करते. पूर्वी एवढी तयारी केली असती तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

आज घरी आली तेव्हा जिना चढताना गुणगुणत होती. मी विचारलं, "कसं झालं वाचन?"

"सहा चुका," ती म्हणाली. "पाच त्यांनी पकडल्या."

"आणि सहावी?"

"ती खरी चूक. मलाही कळली नाही. बहिणीने पकडली."

चुका वाढत चालल्या आहेत. एकदा तिचे डोळे तपासून घ्यायला हवेत.